गार्ड कुणी काढला

सोसायटीच्या नोटीस बोर्डावर लावलेला तो कागद मी फाडला नाही, एवढा एकच संयम त्या आठवड्यात माझ्या हातून झाला. कागदावर लिहिलं होतं, ‘जुन्या व घरगुती दुरुस्ती केलेल्या यंत्रामुळे बागेत अपघात झाला आहे. यापुढे अशी उपकरणे सोसायटीच्या आवारात वापरू अथवा ठेवू नयेत.’ खाली अध्यक्षांची सही. माझं नाव नव्हतं. त्याची गरजही नव्हती. आमच्या वारज्याच्या सोसायटीत जुनी यंत्रं दुरुस्त करणारी बाई एकच आहे.

‘घरगुती’ हा शब्द मला जास्त लागला. घरगुती लोणचं असतं, पापड असतात. मी एकतीस वर्षं भोसरीच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये फिटर होते. वर्धा जिल्ह्यातल्या गावाहून आले ते आयटीआयचं सर्टिफिकेट घेऊन. आमच्या तुकडीत मुली दोनच, त्यातली दुसरी लग्न करून गेली. कारखान्यातल्या पहिल्या दिवशी फोरमन मला बघून म्हणाला, “ऑफिस पलीकडे आहे, ताई.” मी म्हटलं, “असू द्या. टूलरूम कुठे आहे ते सांगा.” माझ्या वऱ्हाडी बोलण्याला ते लोक वर्षभर हसले. माझ्या कामाला हसायची संधी मी त्यांना दिली नाही.

निवृत्त झाल्यावर सहा महिने घरात बसून कंटाळले. नवरा आधीच गेला होता. मुलगी खराडीच्या कंपनीत, राहायलाही तिकडेच. एक दिवस कचऱ्याच्या डब्याशेजारी फांद्या छाटायची कात्री पडलेली दिसली. चांगल्या पोलादाची होती. तिची स्प्रिंग गेली होती आणि पात्यांवर झाडांचा चीक वाळून काळा झाला होता, बाकी काही नाही. जिने फेकली तिने नवी आणली असणार, लाल मुठीची, दोन महिन्यांत वाकणारी. मी ती उचलली, डिझेलमध्ये रात्रभर भिजवली, दगडावर धार लावली, माझ्या डब्यात मापाची स्प्रिंग सापडली ती बसवली. ती कात्री अजून माझ्याकडे आहे आणि बोटभर जाड फांदी एका दाबात तोडते.

मग मला नादच लागला. फवारणीचे पंप लोक वॉशर गेला म्हणून फेकतात. झारीला भोक पडलं म्हणून फेकतात, पाण्याची नळी एका ठिकाणी चिरली की सगळीच्या सगळी टाकतात. मी पार्किंगच्या कोपऱ्यात, पाण्याच्या पंपाच्या खोलीलगत, एक जुनं टेबल टाकलं, त्याला वस्तू घट्ट धरायचा शिकंजा बसवला आणि ह्या वस्तू दुरुस्त करून सोसायटीच्या बागेला द्यायला लागले. राग मला तेव्हाही यायचा. वस्तू बिघडते त्याचा राग नाही. उघडून न बघता, दोन मिनिटंसुद्धा खर्च न करता, ‘खराब झालंय’ म्हणून टाकून देणाऱ्या माणसाचा राग यायचा. कारखान्यात असं कुणी केलं असतं तर मी त्याला उभं केलं असतं. इथे ते सगळे सभासद होते आणि लिफ्टमध्ये माझ्याकडे बघून हसायचे.

बागेचं काम एक बाई बघायची. माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान, वारजे गावठाणातली. आमची सोसायटी उभी आहे ती जमीन तिच्या सासऱ्यांची होती. हे तिने मला सहज सांगितलं, पार्किंगमधल्या माझ्या टेबलाशी उभं राहून. “हितं आमचा भुईमूग असायचा, ताई. तुमचं टेबल हाय ना, तिथवर.” त्यात हळहळ वगैरे नव्हती. पैसे आले, भावाभावांत वाटले गेले, संपले. हिला झाडांचं कळत होतं म्हणून ही बागेत लागली. मी दिलेल्या वस्तू तिच्या हातात टिकायच्या. खुरपं काम झालं की धुऊन, पुसून, तेलाचं बोट फिरवून ठेवायची. टूलरूममध्ये मी शिकवलेल्या निम्म्या पोरांना हे जमलं नव्हतं.

गवत ती विळ्याने कापायची. मागच्या बाजूची हिरवळ आणि कंपाउंडच्या कडेचं रान, एवढं सगळं वाकून. पावसाळ्यात तिची कंबर दुखायची आणि ती बोलायची नाही. म्हणून मी एका बुधवारी जुन्या बाजारात गेले आणि गवत कापायचं पेट्रोलवरचं मशीन घेऊन आले. खांद्याला अडकवायचं, लांब दांड्याचं, टोकाला फिरणारं डोकं असतं ते. विकणारा म्हणाला चालत नाही, भंगार म्हणूनच घ्या. घरी आणून उघडलं. कार्ब्युरेटरमध्ये जुनं पेट्रोल सुकून गोंद झालं होतं, पेट्रोलची नळी कडक होऊन तडकली होती, आणि ओढायच्या दोरीची स्प्रिंग तुटली होती. हे तिन्ही आठवड्याभरात झालं. तिसऱ्या ओढीला इंजिन लागलं तेव्हा पार्किंगमध्ये धूर झाला आणि दुसऱ्या मजल्यावरून कुणीतरी ओरडलं. माळीणबाई हसत होती.

पण त्याला गार्ड नव्हता. फिरणाऱ्या डोक्याच्या मागे, चालवणाऱ्याच्या बाजूने, एक आडोसा असतो. गवतात लपलेला खडा त्या डोक्याला लागला तर गोळीसारखा उडतो. आडोसा असला तर तो त्यावर आपटून खाली पडतो. मला बाजारात त्या मापाचा मिळाला नाही, म्हणून मी स्वतः केला. जुन्या कूलरचा पत्रा घेतला, कडा दुमडल्या म्हणजे हाताला लागू नयेत, वाक दिला, दांड्याला पकड केली आणि दोन बोल्टवर बसवला. नट लॉकनट, म्हणजे थरथरीने सैल होणार नाहीत. डोक्याला लोखंडी पातं लावलं नाही, नायलॉनची तार लावली. ती गवत कापते आणि खडा लागला तरी पात्याएवढा उडवत नाही.

माळीणबाईने हातात घेऊन बघितलं.

“ताई, ह्यो पत्रा कशाला? वजन वाढतंय.”

“खडा उडतो. पत्रा नसला तर थेट तुझ्या तोंडावर येईल.”

“आन् काढला तर मशीन चालतं का?”

“चालतं. म्हणूनच सांगते, काढायचा नाही. कुणी सांगितलं तरी नाही.”

ती बरं म्हणाली. दोन वर्षं ते मशीन तिने चालवलं. दर महिन्याला मी प्लग साफ करायचे, बोल्ट तपासायचे. एकदाही सैल सापडला नाही.

मग सोसायटीने बागकामाचं कंत्राट एका एजन्सीला दिलं. कारण सांगितलं गेलं, ‘प्रोफेशनल मेंटेनन्स’. माळीणबाई तीच राहिली, फक्त आता तिला हिरवा टीशर्ट आणि टोपी मिळाली, आणि तिच्यावर एक सुपरवायझर आला. तिशीतला, कानाला सतत फोन. तो पाच सोसायट्या बघायचा आणि आमच्याकडे वीस मिनिटं यायचा. एजन्सीने नवी यंत्रं आणायची असं ठरलं होतं. आली नाहीत. माझंच मशीन एजन्सी वापरत राहिली. मी अध्यक्षांना हे बोलले. ते बँकेतून निवृत्त झालेले, बोलायला अतिशय गोड. म्हणाले, “अहो, आपण हौसेने एवढं करताच आहात, तर राहू द्या की. चालतंय ना?” तेव्हा ते जुनं नव्हतं. तेव्हा ते घरगुतीही नव्हतं.

त्या वर्षी ऑगस्टात पाऊस थांबत नव्हता. झेंडावंदन एका दिवसावर आलं होतं आणि मागची हिरवळ गुडघ्यापर्यंत वाढली होती. अध्यक्षांनी सुपरवायझरला सांगितलं की काहीही करून उद्यापर्यंत साफ हवं, पाहुणे येणार आहेत. ओलं गवत नायलॉनच्या तारेला दाद देत नाही, गार्डखाली गोळा होऊन चिकटतं, दर पाच मिनिटांनी थांबून काढावं लागतं. हे मला माहीत होतं. ओल्या गवताला घाई करायची नाही, एवढंच त्याचं उत्तर आहे.

मी तिसऱ्या मजल्यावर, स्वयंपाकघराच्या खिडकीशी, मुलीशी फोनवर बोलत होते. रविवारी येते म्हणत होती, काय करू खायला, असं चाललं होतं. खाली मशीन सुरू झालं. आणि मला आवाजावरून कळलं. नायलॉनच्या तारेचा आवाज फडफडीत, मऊ असतो. हा आवाज चिरका होता, धातूचा. पातं लावलंय, असं माझ्या मनात आलं. आणि पत्र्यावर गवत आपटतं तो आवाजही येत नव्हता. एकतीस वर्षं मी मशीनचा आवाज ऐकून काम केलं आहे, मला चुकायला जागाच नव्हती. मी मनात म्हटलं, फोन झाला की खाली जाते आणि त्या सुपरवायझरला झापते.

मी फोन चालू ठेवला. पाच मिनिटं असतील, सात असतील. रविवारी वांग्याची भाजी करायचं ठरलं. मग खाली इंजिन एकदम बंद झालं आणि वॉचमन ओरडत पळाला.

सगळ्यांवरचा राग मी सांगणारच आहे, पण आधी ही सात मिनिटं लिहिली पाहिजेत. ती माझी आहेत. ती मला कुणी माफ करू नयेत.

खडा तिच्या डाव्या डोळ्याला लागला होता. मी खाली पोचले तेव्हा ती गवतात बसली होती, दोन्ही हात डोळ्यावर, बोटांतून रक्त. ओरडत नव्हती. “काय नाय, ताई, जरा लागलंय,” असं म्हणत होती. सुपरवायझर शेजारी उभा राहून फोनवर कुणालातरी सांगत होता की एक छोटा इश्यू झालाय. मी त्याला बाजूला ढकललं. रिक्षा थांबवली. जवळच्या दवाखान्यात त्यांनी पट्टी बांधली आणि डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्या म्हणाले, म्हणून तसंच सदाशिव पेठेत गेलो. रस्त्यात गर्दी होती, रिक्षा रांगत होती, आणि ती माझा हात धरून विचारत होती, “ताई, गवत निम्मं राहिलंय, कोण कापणार?” माझ्या तोंडून जे निघालं असतं ते ऐकायची ती योग्य व्यक्ती नव्हती.

त्याच दिवशी ऑपरेशन झालं. डोळा वाचला. डॉक्टर म्हणाले, उजेड दिसेल, आकार दिसतील, पूर्वीसारखं दिसेल याची खात्री नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी हिरवळ साफ होती. दुसऱ्या कुणाकडून तरी विळ्याने कापून घेतली होती. झेंडावंदन वेळेवर झालं. मी गेले नाही, खिडकीतून बघितलं. अध्यक्ष स्वच्छता आणि शिस्त यावर बोलले. संध्याकाळी तो कागद बोर्डावर लागला.

मी खाली गेले आणि मशीन शोधलं. पंपाच्या खोलीत नव्हतं. वॉचमनला विचारलं. तो इकडेतिकडे बघत म्हणाला, “काकू, ते काल संध्याकाळीच भंगारात दिलं. अध्यक्षसाहेबांनी सांगितलं, धोकादायक आहे, ठेवायचं नाही.”

म्हणजे ती ऑपरेशनच्या टेबलावर होती तेव्हा हे लोक मशीन घालवत होते. मी स्कूटर काढली आणि हायवेच्या पुलाजवळच्या भंगारवाल्याकडे गेले. त्याच्याकडून मी कितीतरी वेळा वस्तू आणल्या आहेत. त्याने मला बघितल्याबरोबर मागून मशीन काढलं.

“काकू, बघितलं तेव्हाच कळलं तुमचं आहे. तोडलं नाही.”

मी तिथेच, त्याच्या वजनकाट्याशेजारी, मशीन आडवं घातलं आणि चष्मा लावून बघितलं. डोक्याला तीन दातांचं लोखंडी पातं होतं, ते माझं नव्हतं. गार्ड नव्हता. पण गार्डची दांड्यावरची पकड जागेवर होती आणि तिच्यातली दोन्ही भोकं गोल होती. बोल्ट थरथरून सैल झाला आणि पडला, तर भोक आधी लांबट होतं, कडा झिजतात. बोल्ट तुटला, तर तुकडा आत राहतो. इथे यातलं काही नव्हतं. पकडीवरच्या रंगावर पान्याचे ताजे ओरखडे होते. दहाच्या पान्याने कुणीतरी शांतपणे दोन बोल्ट खोलले होते.

मशीन मी भंगाराच्या भावाने परत विकत घेतलं आणि घरी, माझ्या पलंगाखाली ठेवलं. मुलगी रविवारी आली तेव्हा म्हणाली, “आई, हे काय, बेडरूममध्ये पेट्रोलचा वास येतोय.” मी म्हटलं, “येऊ दे.”

माळीणबाई घरी आल्यावर मी गावठाणात गेले. ती ओट्यावर बसली होती, डोळ्याला पट्टी, हातात मेथी निवडायला घेतलेली. मी विचारलं, नक्की काय झालं, सगळं सांग.

“त्ये म्हनाले, असं दोन दिवस लागंल. पातं लाव. पत्र्याला पातं घासतंय, तर पत्रा काढ. मी म्हनलं ताईंनी सांगितलंय काढायचा न्हाय. त्ये म्हनाले, पगार ताई देतात का तुझा? मग मी काय बोलनार. त्यांनीच पाना घेतला आन् काढला.”

“आणि पत्रा कुठे गेला?”

ती उठली, चाचपडत आत गेली आणि दारामागून तिची डब्याची कापडी पिशवी घेऊन आली. त्यात गार्ड होता. सोबत प्लास्टिकच्या पुडीत दोन बोल्ट, त्यांच्यावर नट परत चढवलेले.

“त्यांनी गवतात टाकले व्हते. हरवले असते तर तुम्ही वरडला असता.”

मी तिथे रडले असते तर बरं झालं असतं. मला रडू आलं नाही. मला इतका राग आला की कानात शिट्टी वाजल्यासारखं झालं. नोकरी जाऊ नये म्हणून जिने तोंड बंद ठेवलं, तिने माझे दोन नट मात्र जपून ठेवले होते.

सभा मीच मागितली. दहा सभासदांच्या सह्या गोळा केल्या, त्यातल्या सहा जणांनी ‘आमचं नाव पुढे करू नका’ असं सांगून सही केली. क्लबहाउसच्या खोलीत प्लास्टिकच्या खुर्च्या, वर पंखा. एजन्सीचे मॅनेजर आले होते, इस्त्रीचा शर्ट. सुपरवायझर आला नव्हता. माळीणबाईला मी बोलावलं होतं, ती शेवटच्या रांगेत भिंतीला टेकून उभी राहिली. मी तिला बस म्हटलं, ती बसली नाही.

अध्यक्षांनी सुरुवात केली. “ताईंच्या भावनांचा आम्हाला आदर आहे. पण जुन्या वस्तूंवर असा विश्वास टाकणं आपल्याला परवडणारं नाही.”

मी म्हटलं, “भावना बाजूला ठेवा. गार्ड कुणी काढला ते बोलू.”

मॅनेजर म्हणाले, “मॅडम, आमच्या माणसाने काही काढलेलं नाही. जुनं मशीन, व्हायब्रेशनने सैल होऊन पडला असणार.”

मी मशीन टेबलावर ठेवलं. अध्यक्षांचा चेहरा बघण्यासारखा झाला, कारण त्यांच्या समजुतीप्रमाणे ते वितळलेलं होतं. मी भोकं दाखवली, ओरखडे दाखवले, मग पिशवीतून गार्ड काढला आणि शेजारी ती पुडी ठेवली.

“पडलेला बोल्ट,” मी म्हटलं, “स्वतःवर नट चढवून पुडीत जाऊन बसत नाही.”

मागे कुणीतरी हसलं. मला हसू नको होतं. मी मॅनेजरना विचारलं, पातं कुणाचं? ते म्हणाले, बघावं लागेल. मी म्हटलं, पंपाच्या खोलीत एजन्सीच्या खोक्यात त्याच जातीची आणखी दोन पाती आहेत, ती आत्ता जाऊन बघू या का?

मग अध्यक्ष म्हणाले, “ठीक आहे, समजा काढला असेल. पण ताई, तिला चष्मा का दिला नव्हता? मशीन तुम्ही दिलं, तर सुरक्षा साधनंही तुम्हीच द्यायला हवी होती.”

त्यांना वाटलं, आता ही अडकली. मी म्हटलं, “बरोबर आहे. चष्मा द्यायला हवा होता. गार्ड आहे म्हणजे पुरे, असं मी धरून चालले, ती माझी चूक. आणि त्या दिवशी मला वर आवाजावरून कळलं होतं की पातं लावलंय, तरी मी फोनवर बोलत राहिले. तीही माझी चूक. ह्या दोन माझ्या झाल्या. आता तुमच्या सांगा.”

मी वाट बघितली. अध्यक्षांनी घड्याळ बघितलं.

“मशीन घाईने भंगारात का दिलं?” मी विचारलं. “दोन दिवसांचं गवत एका दिवसात कापा, हे कुणी सांगितलं? जिला लागलं ती मागे उभी आहे. तिला आत्तापर्यंत ह्या खोलीतल्या एकाने तरी विचारलं का, बाई, तुझा डोळा कसा आहे?”

तेव्हा सगळ्यांनी मागे वळून बघितलं. तिने पदर ओढून घेतला. एक वयस्कर गृहस्थ उठले आणि त्यांनी आपली खुर्ची तिच्याकडे नेली. ती मग बसली.

शेवटी असं झालं. एजन्सीने उपचाराची जबाबदारी लेखी घेतली. सोसायटीने तिला घरी असेपर्यंतचा पगार द्यायचा ठरवला. बोर्डावरचा कागद कुणीतरी गुपचूप काढला आणि त्या जागी दुसरा लागला, ‘सर्व उपकरणे सुरक्षा साधनांसह वापरावीत’. जणू काही हे त्यांना आधीपासून माहीत होतं. माफी कुणी मागितली नाही. तिचीही नाही, माझीही नाही. सुपरवायझरचं काय झालं म्हणून मी चौकशी केली तेव्हा कळलं, त्याला दुसऱ्या सोसायट्यांवर पाठवलं. बस. तिथेही गवत असेल, तिथेही कुणी बाई असेल. ह्या एका गोष्टीचा विचार आला की आजही माझं जेवण जात नाही.

तिचा डोळा तेवढाच राहिला. उजेड दिसतो. सुईत दोरा ओवता येत नाही, पायरी उतरताना पाय चाचपतो. ती आमच्या सोसायटीत परत आली नाही. मी म्हटलं, मी सगळ्यांशी बोलते. ती म्हणाली, “नगं. तिथं मला लाज वाटती.” लाज वाटते ती तिला.

सहा-सात महिन्यांनी ती माझ्या दारात उभी राहिली. चहा झाला. मग म्हणाली, “ताई, ती मशीन हाय का अजून?”

“आहे.”

“मला द्या. पलीकडच्या बंगल्यांत गवत कापायचं काम मिळतंय. विळ्यानं पुरं पडत न्हाय.”

मी नाही म्हटलं. सरळ नाही. एक डोळा घालवून बसलीस आणि परत तेच, अक्कल कुठे ठेवलीस, असं बरंच बोलले. ती ऐकत राहिली, मग उठली.

“मशीनवर माझा राग न्हाय, ताई. तुमचा कशापायी हाय?”

आणि गेली. पंधरा दिवस आम्ही बोललो नाही. मी मशीन पलंगाखालून काढून टेबलावर ठेवायचे, बघायचे, परत आत ढकलायचे. खरं म्हणजे मला त्या मशीनची भीती बसली होती. आयुष्यात पहिल्यांदा एखाद्या यंत्राची. आणि ती, जिला लागलं होतं, तिला नव्हती.

मग मी मशीन वेल्डिंगच्या दुकानात नेलं आणि गार्ड पकडीला वेल्ड करून घेतला. बोल्ट नकोच. आता तो काढायचा तर ग्राइंडर लागेल. तोंडाला लावायची जाळीची ढाल आणली, पायांना जाड प्लास्टिकच्या पट्ट्या. हे सगळं घेऊन मी तिच्या घरी गेले. तिने ढाल लावून बघितली आणि म्हणाली, “चांगली हाय. फकस्त घाम येतोय.” मी म्हटलं, “येऊ दे.”

पहिल्या कामाला मी तिच्याबरोबर गेले. एका बंगल्याच्या मागचा तुकडा होता. मी पायरीवर बसून तिच्या हालचाली बघत होते. अर्ध्या तासाने तिने इंजिन बंद केलं, ढाल वर केली आणि म्हणाली, “ताई, घरी जावा. तुम्ही असं बघत बसलात की माझा हात अडखळतोय.”

मी निघाले. येताना वाटेत एका नव्या टोलेजंग सोसायटीच्या कडेला एक माणूस गवत कापत होता. पायात चपला, कानात गाण्याची बोंडं. मशीन कोरं, चकचकीत. गार्ड नाही. मी स्कूटर फुटपाथला लावली आणि त्याच्या समोर जाऊन उभी राहिले. त्याने दचकून मशीन बंद केलं.

“गार्ड कुठे आहे?” मी विचारलं.

“काय मॅडम?”

मी बोट दाखवलं. त्याला कळायला वेळ लागला. मग तो म्हणाला, “तो खोक्यातच आहे. नवीन मशीन आहे, मॅडम. असंच चालतं.”

त्याच्याबरोबर वॉचमनच्या केबिनपर्यंत गेले. खोक्यात, न फोडलेल्या पिशवीत, गार्ड होता, स्क्रू होते, चष्मासुद्धा होता. स्कूटरच्या डिकीत माझा पाना असतो. मी तिथेच जमिनीवर बसले आणि गार्ड बसवला. माझ्या वयाची बाई रस्त्यात मांडी घालून बसलेली बघून दोन-तीन माणसं थांबली. एकाने फोन काढला. त्याला मी म्हटलं, “बघताय काय, तो दांडा धरा जरा.” त्याने धरला. चष्मा मी त्या माणसाच्या हातात दिला आणि तो घालेपर्यंत तिथून हलले नाही.